चार वर्ग, दोन शिक्षक आणि पहिले दोन तास: नव्याने लागलेल्या गुरुजी-बाईंसाठी

मागच्या महिन्यात आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दोन नवीन शिक्षक हजर झाले, पवित्र पोर्टलवरून (सरकारी शिक्षकभरतीची वेबसाइट) आलेली तरुण पोरं. शिक्षण परिषदेत जेवताना त्यातल्या मॅडम माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, चार वर्ग आणि आम्ही दोघं, त्यात सर आठवड्यातनं दोन दिवस तालुक्याला. मग शिकवायचं कधी?" मला हसू आलं, कारण २००७ ला मी शिक्षणसेवक म्हणून ३००० रुपये मानधनावर लागले तेव्हा हाच प्रश्न घेऊन तीन वर्षं फिरत होते, आणि कुणी धड उत्तर दिलं नव्हतं. "अनुभवाने येतं" म्हणायचे सगळे. येतं, पण तोपर्यंत एक अख्खी बॅच तशीच चौथी पास होऊन जाते त्याचं काय?

तर त्या मॅडमना जे जेवताना अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहिते. माझं म्हणणं एकच आहे. परिपाठ झाल्यानंतरचे पहिले दोन तास कुणालाही द्यायचे नाहीत. ऑफिसला नाही, व्हॉट्सअ‍ॅपला नाही, पोषण आहाराचा तांदूळ उतरवायला आलेल्या टेम्पोलाही नाही. बाकी जे खाली लिहिलंय ते सगळं हे दोन तास वाचवायची आणि त्या दोन तासांत तुम्ही धडधाकट उभं राहायची खटपट आहे.

पहिला आठवडा: पुस्तक उघडूच नका

नवीन शाळा, नवीन वर्ग, आपल्याला घाई असते, पहिल्या दिवशीच पाठ क्रमांक एक. थांबा. पहिला आठवडा फक्त कोण कुठे आहे ते बघा. एक एक मूल व्हरांड्यात बोलवायचं, बाकीच्यांना चित्र काढायला द्यायचं, एका मुलाला पाच ते सात मिनिटं. वाचनाचे टप्पे ढोबळ पाच धरा: काहीच ओळखत नाही, अक्षरं येतात, शब्द येतो, चार ओळींचा परिच्छेद येतो, छोटी गोष्ट येते. प्रथम संस्थेचे लोक असरच्या सर्वेक्षणात साधारण असंच तपासतात, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. गणितात १ ते ९ ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका जाड वहीत प्रत्येक मुलाला एक पान आणि त्यावर तारीख घालून दोन ओळी, बस.

कार्ड मात्र स्वतः लिहिलेलं वापरा, पुस्तकातला धडा नको. का ते सांगते. माझ्याकडे तिसरीत एक पोरगा होता, खणखणीत आवाजात अख्खा धडा वाचायचा, आधीचे गुरुजी पण म्हणाले हुशार आहे. मी सहज मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं हे काय? त्याने माझ्याकडे बघितलं, मग हळूच बोट सरकवत पहिल्या ओळीवर नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, मनातल्या मनात, त्या शब्दापर्यंत पोचायला. त्याला एक अक्षर येत नव्हतं. धडा पाठ होता. मोठी बहीण घरी मोठ्याने वाचायची ते ऐकून. मला रागच आला नाही, उलट वाटलं की एवढी मेहनत केली या पोराने, आपल्याला फसवायला नाही, वर्गात बसता यावं म्हणून.

तेव्हापासून मी पुस्तकावरून वाचन तपासत नाही.

दोन तास कसे चालवायचे

आमची शाळा साडेदहाची. परिपाठ, हजेरी होऊन अकरा वाजतात, अकरा ते एक हे ते दोन तास. कागदावर मी पहिली-दुसरी आणि सर तिसरी-चौथी, पण सर मीटिंगला गेले की २८ ची २८ पोरं माझ्याकडे. या दोन तासांत इयत्ता विसरायची आणि वहीतल्या टप्प्यांवरून तीन गट करायचे. एक गट तुमच्यासमोर खाली बसतो, एक गट जोडीने काम करतो (एकाने वाचायचं दुसऱ्याने बोट धरायचं, किंवा एकमेकांना शब्द घालायचे), तिसरा गट एकटा लिहितो. पस्तीस मिनिटांनी फिरायचं. म्हणजे प्रत्येक गटाला तुम्ही पस्तीस मिनिटं पूर्ण मिळता. आकडा कमी वाटेल, पण चार इयत्तांच्या फळ्यांवर धावत चार धडे "घेतले" तर एकेका मुलाच्या वाट्याला किती येतं ते एकदा घड्याळ लावून बघा.

दोघं असाल त्या दिवशी सोपं आहे, वाचता न येणारी सगळी पोरं एकाकडे, बाकीची दुसऱ्याकडे. पण अडचण अशी की सहकारी तयार हवा. माझे पहिले सर तयार नव्हते, म्हणायचे "माझा वर्ग माझा निकाल". मग मी माझ्याच दोन वर्गांत केलं, दिवाळीपर्यंत पहिलीतली चार पोरं त्यांच्या तिसरीतल्या पोरांपेक्षा बरं वाचायला लागली, आणि दिवाळीनंतर सर स्वतः म्हणाले बघू एकत्र करून. भांडून झालं नसतं.

आता यातला खरा त्रास. चौथीतली मुलगी पहिलीच्या पोरांबरोबर बसली की तिचा चेहरा पडतो, आणि का पडू नये? त्यावर मी तीन गोष्टी करते. गटांना नंबर किंवा "हुशार-मध्यम" असलं काही नाव द्यायचं नाही, आमच्याकडे चिंच, बोर, आवळा असतं. भाषेचे गट वेगळे, गणिताचे वेगळे, त्यामुळे वाचनात मागे असलेली पोरगी गणितात वरच्या गटात जाते, बऱ्याचदा जाते, कारण ती दुकानावर बसलेली असते. आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून गट बदलायचेच. वर्षभर एका गटात ठेवलं तर ती तुकडीच होते.

स्वतंत्र लिहिणाऱ्या गटाला काम काय द्यायचं हा नव्या लोकांचा नेहमीचा प्रश्न. "पान पाच वेळा लिहा" देऊ नका, पाच मिनिटात गोंधळ सुरू होतो. ज्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल असं काम द्या. काल घरी कोण पाहुणे आले ते लिहा, किराणा दुकानातल्या दहा वस्तू भावासकट लिहा, स्वतःच्या बकरीबद्दल पाच ओळी. शुद्धलेखन वाईट येईल, येऊ द्या. ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन घेऊन तुटून पडलात तर पोरगं उद्यापासून फक्त येणारेच शब्द लिहील.

एक वजाबाकी, जवळून

५२ वजा २७ सांगा फळ्यावर. निम्म्या वर्गाचं उत्तर ३५ येतं. कसं ते पोराला विचारा, ते सांगतं, "दोनातून सात जात नाही म्हणून सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन, तीन. पस्तीस." त्याच्या डोक्यात नियम पक्का आहे, मोठ्यातून छोटा काढायचा. आपण काय करतो, फळ्यावर पुन्हा "हातचा घे" म्हणून ओरडतो. त्याला वाटतं बाईंची वेगळी पद्धत आहे, माझी वेगळी.

काड्या घ्या. आगपेटीच्या चालतात, मी तुराट्या तोडून केल्यात. दहाचा एक गठ्ठा, वर रबर. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या पोराच्या हातात द्या आणि म्हणा मला सत्तावीस दे. तो दोन गठ्ठे पटकन देतो. मग सात सुट्या मागा. हातात दोनच. इथे तुम्ही गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड, जीभ चावून गप्प बसायचं. कुणी दहा सेकंदात, कुणी दोन मिनिटांनी, पण पोरगं आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतं. ते रबर निघालं की हातचा कळला. मग विचारा हातात किती राहिले, मोजू द्या, पंचवीस. मग फळ्यावर तेच मांडा. असं चार-पाच दिवस केल्याशिवाय काड्या बाजूला ठेवू नका.

मराठीत संख्यांची नावंही पोरांना छळतात, बावन्न म्हणताना दोन आधी येतो आणि लिहिताना पाच आधी. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "पन्नास दोन" अशी जोड दिली तेव्हा केवढी ओरड झाली होती. मला राजकारणाशी घेणं नाही, पण वर्गात अडलेल्या पोराला मी "पन्नास दोन, बावन्न" असं दोन्ही म्हणायला लावते आणि त्याने फायदा होतो.

आवाज, पाणी आणि पट्टी

पहिल्या तीन वर्षांत मी इतकी ओरडले की चौथ्या वर्षी गणपतीत घसा पूर्ण बसला. तालुक्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन आठवडे बोलू नका म्हणून लिहून दिलं. प्राथमिक शिक्षिकेला बोलू नका! कुजबुजायचं पण नाही म्हणाले, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. रजा घेतली आणि घरी बसून विचार केला की नक्की कशासाठी ओरडतो आपण. नव्वद टक्के वेळा "गप्प बसा" म्हणण्यासाठी.

आता मी ओरडत नाही. एक ठराविक टाळी ठेवलीय, मी तीन वाजवते, पोरं दोन वाजवून हात वर करतात. सुरुवातीचे दहा दिवस रोज सराव घ्यावा लागतो, खेळ म्हणून, आणि एकदा बसली की वर्षभर चालते. दुसरं म्हणजे लांबून नाव घेऊन बोलायचं नाही, चालत त्या पोरापर्यंत जायचं आणि नुसतं शेजारी उभं राहायचं. डस्टर ओला वापरा, खडूची धूळ घशात जाते. सूचना फळ्यावर लिहून ठेवा, चारदा सांगू नका.

आणि बायांनो, पाणी. आपल्यातल्या कित्येक जणी शाळेत पाणी पीत नाहीत, कारण टॉयलेटला नळ नाही किंवा दाराला कडी नाही. मी पण प्यायचे नाही. घसा गेलाच, वर वर्षातनं दोनदा युरिन इन्फेक्शन. मग शेवटी शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये लाजत लाजत विषय काढला, आणि समितीतल्या बायकांनीच उचलून धरला. आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, त्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. आठवड्यात कडी लागली, महिन्यात टाकी. मुलींचाही प्रश्न सुटला. हा विषय स्वतःसाठी काढताय म्हणून संकोच करू नका.

पट्टीचं पण सांगून टाकते. पहिल्या वर्षी मी वापरायची, आज लाज वाटते. आरटीईच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीवर बंदी आहे, म्हणजे "गाढवा" म्हणणंही त्यात आलं. पण कायदा बाजूला ठेवा, मारल्याने पोरगं त्या तासापुरतं गप्प होतं आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. सारखं भांडणाऱ्या पोराला मी जबाबदारी देते, घंटा त्याच्याकडे, काड्यांचा डबा त्याच्याकडे. सगळ्यांना लागू पडतं असं नाही. एक होता, घंटा घेऊन पळून गेला ओढ्याला, अख्खी शाळा शोधत होती.

कागद आणि ग्रुप

आता खरा राक्षस. सकाळी पावणेअकराला मेसेज येतो, "अतितातडीचे, आज ११ वाजेपर्यंत लिंक भरावी". नवीन माणूस घाबरतो आणि वर्ग सोडून मोबाईल घेऊन रेंज शोधत गच्चीवर जातो. मी सुद्धा गेलेय.

मग एक वही केली, तिला आम्ही घरात "कुंडली" म्हणतो. त्यात शाळेचा अकरा अंकी यूडायस नंबर, बँक खातं, आयएफएससी, पटसंख्या इयत्तावार-मुलंमुली-प्रवर्गवार, दिव्यांग मुलं, आधार किती झाले, खोल्या, नळ, टॉयलेट, किचन शेड, वीजमीटर नंबर, समितीची यादी आणि ती कधी स्थापन झाली ती तारीख. ऑफिसला लागणारी बहुतेक माहिती हीच असते, तीच परत परत वेगळ्या रकान्यात मागतात. दर महिन्याच्या एक तारखेला अपडेट करायची. लिंक आली की वही उघडून दहा मिनिटात भरून मोकळं. पानांचे फोटो सरांच्या मोबाईलमध्येही ठेवा.

ग्रुप म्यूट. मी दिवसातनं दोनदा बघते, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना. सुरुवातीला केंद्रप्रमुख रागावले, त्यांना शांतपणे सांगितलं की साहेब, एकला देते, रोज देते, चुकणार नाही, पण अकरा ते एक मी फोन उचलत नाही, खरंच इमर्जन्सी असेल तर सलग दोनदा फोन करा. आणि मी शब्द पाळला, एकला माहिती जायचीच. चार महिन्यांत त्यांना सवय झाली. आधी कायदा दाखवायला जाऊ नका. आरटीईच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असं आहे, हे आपल्याला माहीत हवं, पण हे वाक्य मीटिंगमध्ये उभं राहून फेकलं की पुढची सहा महिने तुमचीच शाळा तपासणीला निघते. बीएलओचं (गावातली मतदारयादी सांभाळायचं) काम निवडणुकीत मोडतं, ते चुकत नाही, फक्त ते रविवारी किंवा शाळा सुटल्यावर उरकता येतं.

वर्णनात्मक नोंदींचं एक. सत्राच्या शेवटी गाईडमधनं "वर्गात आनंदाने सहभागी होतो" असं अठ्ठावीस वेळा उतरवण्यापेक्षा रोज फक्त तीन मुलांच्या पानावर एक एक ओळ टाका, त्याच जाड वहीत. दहा दिवसांत सगळी पोरं होतात. "आज जोडाक्षर 'प्रा' स्वतः वाचलं", "गुणाकारात रडली". अधिकाऱ्यालाही हेच आवडतं, खरं असल्याचं दिसतं. वह्या तपासायचंही असंच, रोज सात-आठ, मुलासमोर बसून. घरी गठ्ठा नेऊ नका, घरी नेलेल्या गठ्ठ्यावर मी कित्येकदा झोपलेय.

पालक

सकाळी अकराला पालकसभा ठेवली की चार आज्या आणि एक पोलीस पाटील येतात. लोक रानात असतात. संध्याकाळी सातनंतर मंदिरासमोर ठेवा, वर्षातनं दोनदा तरी. आणि पालकाला पहिला फोन तक्रारीचा करू नका, चांगल्या बातमीचा करा. "तुमची पोरगी आज पहिल्यांदा पाटी वाचली" एवढंच. पुढे तक्रार सांगायची वेळ आली तर ऐकून घेतात.

गैरहजेरीला पोरगं जबाबदार नसतं सहसा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल दिवाळीनंतर गायब होतं, त्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आणि शिक्षण हमी कार्ड (जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून) आहे, पण ते टोळी हलायच्या आत करावं लागतं, मुकादम गाडी घेऊन आल्यावर नाही. ऑक्टोबरमध्येच घरोघर विचारून ठेवा. गुरं राखणाऱ्या पोरांचा प्रश्न तर जुनाच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली होती, कुरणशाळा. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण बकऱ्या घेऊन येणाऱ्या एका पोराला मी बकऱ्या शाळेमागच्या बाभळीला बांधू दिल्या, तपासणीच्या दिवशीसुद्धा. साहेबांनी विचारलं या कुणाच्या, मी म्हटलं चौथीच्या.

स्वतःची फाईल

हे कुणी शिकवत नाही. सेवापुस्तक वर्षातनं एकदा ऑफिसला जाऊन स्वतः उघडून बघा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढा. मी अकराव्या वर्षी बघितलं तर माझ्या बाळंतपणाच्या रजेची नोंदच नव्हती, आणि ज्या क्लार्कने करायची ते बदलून गेलेले. सहा हेलपाटे झाले. आदेशाची कॉपी माझ्याकडे होती म्हणून निभावलं. नेमणूक आदेश, हजर रिपोर्ट, प्रत्येक रजा मंजुरी, प्रत्येक वेतनवाढ, सगळ्याची झेरॉक्स घरी एका फाईलमध्ये आणि फोटो मोबाईलमध्ये. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी असते, प्रशिक्षणाची नोंदणी निघाली की चुकवू नका. शालार्थची (पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) पगारपत्रक दर महिन्याला डाऊनलोड करा, कपात बरोबर आहे का बघा. आपण १ नोव्हेंबर २००५ नंतरचे, त्यामुळे एनपीएसच्या, म्हणजे नव्या पेन्शन योजनेच्या, खात्यात तुमची आणि शासनाची दोन्ही रक्कम जमा होतेय का तेही तपासा, वारसाचं नाव लग्नानंतर बदला.

पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहताना दहादा विचार करा. शिक्षक लोकांत नाही म्हणणं अवघड जातं, चहा पाजतात आणि सही मागतात. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींचा पगार दुसऱ्याच्या हप्त्यापायी तीन वर्षं कापला गेला. मी सरळ सांगते, घरी विचारावं लागेल. बायका म्हणून हा बहाणा चालतो, पुरुषांनीही वापरावा.

अप-डाउन करत असाल तर शक्य असल्यास पहिली दोन वर्षं तरी गावाजवळ खोली घ्या. रोज ऐंशी किलोमीटर गाडीवर गेल्यावर कंबर तर जातेच, पण अकरा ते एकला लागणारा जोर रस्त्यावरच संपतो. आणि कधीकधी नुसता थकवा नसतो, रविवारी संध्याकाळी छातीत धडधड सुरू होते, झोप लागत नाही, पोरांवर विनाकारण चिडचिड होते. असं दोन-तीन आठवडे चाललं तर अंगावर काढू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. डॉक्टरकडे गेलात तर वैद्यकीय रजेचा अर्ज बिनधास्त द्या, मधुमेहासाठी देतोच ना.

चार्ज घेताना

शेवटचं, कारण त्या मॅडम पुढच्या सोमवारी मुख्याध्यापकाचा चार्ज घेणार आहेत, सरांची बदली झालीय. द्विशिक्षकीत ही वेळ कधीही येते. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, उघडून एक एक वस्तू समोर बघा आणि मगच सही. कपाटाच्या चाव्या लावून बघा. रोख वही आणि बँक पासबुक जुळवा. आधीच्या शिक्षकाकडून मुलांची वही मागा, नसेल तर अर्धा तास बसवून प्रत्येक पोराबद्दल विचारा आणि लिहून घ्या, याला कुणी नाही म्हणत नाही. आणि तांदूळ पोती मोजून घेऊ नका, वजन करून घ्या. पाचवीच्या आतल्या मुलाला रोज १०० ग्रॅम, म्हणजे २८ पोरांना २ किलो ८०० ग्रॅम, त्या हिशोबाने रजिस्टरला किती शिल्लक हवा ते आधी काढा. काटा शाळेत नसतो, गावातल्या दुकानदाराचा मागून आणा, आणि आधीच्या सरांना वाईट वाटेल म्हणून ते गेल्यावर करू नका, ते समोर असतानाच करा.